उंच पाठीची गाडी

खेळण्यांच्या दुकानात फतकल मारून चाकाला कान लावणारा म्हातारा दिसला की लोक हसतात. हसोत बापडे. मी एकतीस वर्षं एका गोदामात सामान वाहायच्या ढकलगाड्या दुरुस्त केल्या. चाक फिरवलं की नुसत्या आवाजावरून मला कळतं, आत बेअरिंगचे छर्रे आहेत की प्लास्टिकची नळी ठोकून दिली आहे.

नातीसाठी दोरीने किंवा दांड्याने ओढायची गाडी घ्यायला तिला सोबत घेऊन लेक आणि मी आलो होतो. नात साडेचार वर्षांची. रांगायची तेव्हा एका जागी ठरायची नाही, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायला लागलो. आता ती चालत नाही. स्नायूंचा आजार आहे. औषधाने तो बरा होत नाही, जरा मंदावतो, एवढंच. बाबागाडीत बसायला ती तयार नसते. "मी काय बाळ आहे?" म्हणते.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, "आधाराशिवाय बसतेय तोवर काळजी नाही. ज्या दिवशी बसता येणार नाही, त्याच दिवशी घेऊन या. त्यानंतर छाती थकायला लागते. श्वासाचं मशीन वेळेत लागलं नाही, तर साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल." लेकीने घरी येऊन आधी दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

तो दिवस येऊन पाच आठवडे झाले होते, आणि हे फक्त मला माहीत होतं.

लेक सकाळी सातला कामाला जाते. जावई लांबच्या साइटवर असतो, महिन्यातून एकदा येतो. मुंगीचं न्हाणं, खाणं, सगळं माझ्याकडे. एका दुपारी मी केळं सोलत होतो आणि ती चटईवर बसल्या बसल्या कुशीवर कलंडली. "पडले," म्हणाली आणि हसली. मी तिला बसवलं. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा बसवायचं मला धाडस झालं नाही. संध्याकाळी लेक आली, जेवली आणि टीव्हीवरच्या कसल्याशा फालतू विनोदाला पोट धरून हसली. कित्येक महिन्यांनी हसत होती. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग लेक घरात असली की मी मुंगीला मांडीवर घ्यायचो, माझ्या छातीला टेकवून. "लाडावून ठेवलीय तुम्ही तिला," लेक म्हणायची. मी म्हणायचो, आजोबाची जात ती.

आज लेकीने सुट्टी काढली आणि माझी पंचाईत झाली.

दुकानदाराने दोन गाड्या पुढे केल्या. पहिली लोखंडी. चारही चाकांत छर्रे, रबरी टायर, दांड्याचा जोड पक्का, वेल्डिंग असं की माझ्या हाताखालच्या पोराने केलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. फक्त कडा वीतभर उंच. टेकायला काही नाही. दुसरी प्लास्टिकची. चाकं पोकळ, वरून टोपणं दाबून बसवलेली, दांडा हातात घेतला तरी वाकेल असा. पण तिला खुर्चीसारखी उंच पाठ होती आणि बांधायला पट्टा होता.

"ही घेऊ," मी प्लास्टिकच्या गाडीवर हात ठेवला.

मुंगीला कडेवर घेऊन लेक माझ्याकडे बघत राहिली. "ही?"

"हलकी आहे. तुला ओढायला बरी."

"आणि चाकं?"

"चाकांना काय झालंय? चांगली आहेत की."

बोललो आणि माझं मलाच कळलं, चुकलं. ही माझी लेक. लहानपणी तिच्या वाढदिवसाला आलेली तीनचाकी मी पोकळ चाकांपायी पाहुण्यांदेखत परत पाठवली होती. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नव्हती.

"बाबा, या चाकांना तुम्ही चांगलं म्हणताय?" तिने आवाज खाली आणला. "काय लपवताय?"

"अगं, लपवायचं काय त्यात..."

तिने पुढे ऐकलंच नाही. मुंगीला उचलून लोखंडी गाडीत बसवलं. माझा हात आपसूक मुंगीच्या पाठीमागे गेला. तिथेच राहिला.

"हात काढा, बाबा."

"अगं, नवी जागा आहे, बुजेल ती."

"हात काढा."

दुकानदार हसत म्हणाला, "काढा हो आजोबा, पडत नाही ती. दणकट गाडी आहे."

मी हात काढला.

मुंगी क्षणभर ताठ बसली. तेवढ्यातही माझ्या मनात आशेने डोकं वर काढलं, हे कबूल करतो. मग ती डावीकडे कलली आणि तिचं कपाळ कडेवर आपटलं. रडली नाही. तशीच पडल्या पडल्या तिने आईला समजावलं, "आई, मी अशीच पडते. आजोबा धरतो मला."

लेकीने तिला उचललं आणि तिथेच जमिनीवर बसून तिचं कपाळ चोळत राहिली. दुकानदार पाणी आणायला पळाला. मी उभा होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं, पण त्याने कुणाचं काय भलं होणार होतं?

लेकीने फोन काढून नंबर लावला. नंबर तिला पाठ झाला होता. पलीकडे डॉक्टरीणबाईच होत्या. लेक बोलली, ते नीट बोलली, आवाज कुठे हलला नाही. मग ती थांबली, आणि फोन माझ्यापुढे धरला.

"कधीपासून, विचारतायत. तुम्ही सांगा."

मी फोन घेतला. एक आठवडा म्हणावं, दोन म्हणावं, असं मनात येऊन गेलं. लेक खालून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पाच आठवडे," मी म्हणालो.

बाईंनी विचारलं, "सर्दी, खोकला?"

"परवापासून नाक वाहतंय."

"आत्ता आणा. घरी जाऊ नका, सरळ इकडे या."

मी फोन परत दिला. लेक मुंगीला घेऊन उठायला लागली. एका हाताने जमेना, गुडघ्यावर थांबली. मी वाकून दोन्ही हात पुढे केले. मुंगीनेही माझ्याकडे हात टाकले, रोजच्या सवयीने. लेकीने तिचे हात धरून आपल्या गळ्यात घातले, लोखंडी गाडीच्या कडेचा आधार घेऊन उठली, आणि पोरीला माझ्याकडे न देता दाराकडे चालू लागली.