पाठीवरचं चाक

मामांनी नव्या गाडीच्या मागच्या दारावरून हात फिरवला, मग गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि गाडीच्या पोटाखाली डोकावले. चाक तिथेही नव्हतं.

"काय हरवलं, मामा?" धाकट्या भाचीने विचारलं.

"स्टेपनी शोधतोय. जपानी माणूस काही टाकून देत नाही. कुठेतरी घडी घालून ठेवली असेल."

घरची जुनी गाडी याच जातीची. ठेंगणी, चौकोनी, गोल डोळ्यांची. आणि जादा चाक मागच्या दारावर, पाठीशी बांधलेल्या तान्ह्या पोरासारखं. कंपनीने यंदा तिचं रूप पालटलं, तेव्हा ते बघायला दाजी सगळ्या घराला शोरूममध्ये घेऊन आले होते. सगळ्या घरात मामाही आले.

मामा म्हणजे ताईचे धाकटे भाऊ. लग्नाच्या भानगडीत न पडलेले, कित्येक वर्षं ताईकडेच राहणारे. त्यांना घरीदारी स्टेपनी म्हणत. नाव दाजींनी ठेवलेलं, पण मामांनी ते कमावलं होतं. पत्त्यांत चौथा गडी कमी पडला, बसवा मामांना. पालकसभेला दाजींना सवड नाही, पाठवा मामांना. कॉलनीच्या नाटकात ऐन वेळी प्रेताला ताप भरला, तेव्हा मामाच प्रेत झाले, आणि असे झकास मेले की पडदा पडल्यावर दोन बायका ताईला भेटून, डोळे पुसून गेल्या.

हल्ली मात्र ते नाव मामांना टोचू लागलं होतं. दाजी निवृत्त होत होते. नोकरीतलं ऐसपैस घर सुटणार होतं आणि नवं घर आटोपशीर होतं. कुणाची खोली कुठली यावरून भाच्यांची रोज जुंपे. बाल्कनी बंद करून घ्यायची असं ताई आणि दाजी कुजबुजत. तिथे वॉशिंग मशीन येणार, हा मामांचा अंदाज. मामा कुठे, हे कुणी बोललं नाही. मामांनी विचारलंही नाही. फक्त माळ्यावरची आपली बॅग खाली काढून पुसून ठेवली.

"डोळे बारीक केलेत," दाजी गाडीच्या तोंडासमोर उभे राहून म्हणाले. "सासऱ्याने जावयाकडे बघावं तसे."

"तुम्हालाच ठाऊक," ताई म्हणाली.

"आधी कशी भोळी दिसायची," थोरली भाची म्हणाली. "आता कुणीतरी कान भरल्यासारखी वाटते."

"मला आवडली," धाकटी म्हणाली. "जुनी म्हणजे पावाचा डबा होता."

ताईने मत दिलं नाही. भाड्याच्या घरातली कपाटं बघावीत तशी ती चारही दारं उघडून लावून बघत होती.

"मागच्या चाकाबद्दल सगळेच विचारतात," विक्रेती म्हणाली. तिचा हा दिवसातला कितवा खुलासा होता कोण जाणे. "जुने ग्राहक तर रुसूनच बसतात. पण कंपनीने चौकशी केली, तर बहुतेकांनी ते चाक कधी खाली उतरवलंच नव्हतं. उगाच पाठीवर ओझं."

"खरं आहे," दाजी म्हणाले. "आम्ही तरी कधी उतरवलं?"

मामांनी शर्टाचं वरचं बटण लावायला हात नेला. ते लागलेलंच होतं.

"आणि पंक्चर झालं तर?" ताईने विचारलं.

"डबा मिळतो, मॅडम. चाकात फेस भरायचा."

"दाढीचा?" मामांनी विचारलं. विक्रेतीसकट सगळे हसले. हसवण्याचं काम उरकून मामा पुन्हा मागच्या दाराकडे बघत राहिले.

"बसून तर बघा," विक्रेती म्हणाली.

दाजी स्टिअरिंगवर, ताई शेजारी, मागे दोन खिडक्यांना दोन भाच्या आणि मध्ये गुडघे जुळवून मामा. चौघांनी पट्टे लावले. दाजींनी बटण दाबलं तशी गाडी टिंग टिंग करू लागली.

"मधल्यांनी पट्टा लावला नाहीये," विक्रेती खिडकीतून म्हणाली. "हिला कळतं, कोण बसलंय ते."

"बघा, बसल्या बसल्या दखल घेतली," मामा म्हणाले. पट्ट्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. "वाजू दे. उतरायचंच आहे."

"खरंखुरं चाक हवं असेल तर?" दाजींनी विचारलं.

"वेगळं घेता येतं, सर. पण डिकीत मावत नाही. मागची मधली सीट पाडून उभं बांधावं लागतं. मग गाडी चौघांची. तुम्ही किती जण?"

ताईने मान वळवून मागे पाहिलं. दाजींनी पाहिलं नाही. ते आरसा वरखाली करत होते. गाडी वाजतच होती.

"घ्या, दाजी, चाक घ्या," मामा म्हणाले. "वाटेत अडकलात तर... माझं काय, मी आपला..." वाक्यातली हवा तिथेच गेली.

दाजींनी आरसा हवा तसा लावला. त्यात मामांचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"पाच जण," ते विक्रेतीला म्हणाले. "चाक नको. स्टेपनी आहे आमच्याकडे."

मग आरशातूनच त्यांनी विचारलं, "काय हो स्टेपनी, झोपताना वारा लागतो का तुम्हाला? त्या बाल्कनीची खिडकी कुठल्या अंगाला काढायची, सुतार कधीपासून विचारतोय."

"याला काय विचारता," ताई म्हणाली. "हा म्हणेल, कुठेही चालेल."

मामांनी आरशात पाहिलं.

"डोक्याच्या बाजूला नको," ते म्हणाले. "सर्दी होते."

मग ते थोडे तिरके झाले, धाकटीला सरक म्हणाले, तिच्याखाली दबलेला पट्टा ओढून काढला आणि खट्‌कन लावला. गाडी गप्प झाली.