तिसरा मजला, वायरिंग नवीन

घर विकायचं ठरलं ते काकूंच्या गुडघ्यांमुळे, आणि अडलं ते काकांच्या हौसेमुळे.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या चौपन्न. काकू दिवसातून एकदाच खाली उतरत आणि चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारत. शेजाऱ्यांना तो जिव्हाळा वाटे. खरं तर काकू दम खात. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर रिकामं झालं होतं. तिथला मालक भला माणूस, पण भलेपणालाही मुदत असते. महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाला. तोवर हे घर विकलं गेलं तर ते मिळणार, नाहीतर काकू आणि पायऱ्या यांची जन्माची गाठ.

वैद्याने जीभ बघावी तसं दलालाने घर बघितलं. निम्मं सामान हलवा, भिंती फिक्या करा, फोटो उतरवा, अशी यादी त्याने सांगितली. "घरात माणसं राहतात असं दिसलं पाहिजे, काकू, पण कोणती ते दिसता कामा नये." मग लग्नाचा फोटो, नातवाचा फोटो आणि काकांना निवृत्तीच्या वेळी गोदामातून मिळालेलं सन्मानचिन्ह, सगळं बहिणीकडे रवाना झालं. काकांनी कुरकुर केली ती फक्त सन्मानचिन्हापाशी. लग्नाच्या फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही, हे काकूंनी मनात नीट घडी घालून ठेवलं.

खरी पंचाईत बटणांची होती. काका गोदामात कारकून होते, पण विजेच्या कामाचा भारी नाद. एकतीस वर्षांत घरात जो दिवा, जो पंखा वाढला तो त्यांनी स्वतः लावला, आणि प्रत्येक वेळी जी तार जवळ सापडली तिच्यातून वीज घेतली. त्यामुळे बाथरूमचा दिवा हॉलच्या दारामागच्या बटणावर, आतल्या खोलीचा पंखा स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायचा तर आतल्या खोलीत जायचं. पाहुणे अंधारात चाचपडत. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नसे, कारण हात आपले आपण जात.

वायरमनला बोलवायचं म्हटल्यावर काका दोन दिवस "चाललंय ते बिघडवायचं कशाला" एवढं एकच वाक्य बोलले. वायरमन आला. त्याने भिंतीवरची पेटी उघडली, आत डोकावला आणि एकेक तार बोटाने धरून कुठे जाते ते बघत राहिला.

"काका," तो अखेर म्हणाला, "हे वायरिंग आहे का भाऊबंदकी? कोण कोणाचं खातंय तेच कळत नाही."

काकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याला वाटलं, माणूस मितभाषी असेल. पाचव्या दिवशी प्रत्येक खोलीचं बटण त्या त्या खोलीत, दाराशी, उजव्या हाताला आलं. घर चारचौघांसारखं झालं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. भिंती आवडल्या, खिडक्या आवडल्या. बाथरूम दाखवायला निघालेल्या काकूंनी जाता जाता सवयीने हॉलच्या दारामागे हात घातला, तर डोक्यावरचा पंखा भरधाव सुटला आणि दलालाने टेबलावर मांडलेले कागद घरभर झाले. बाथरूममध्ये अंधार तो अंधारच. गडबडलेल्या काकू आतल्या खोलीचा पंखा लावायला स्वयंपाकघरात धावल्या. तिथे दिवा लागला. गिऱ्हाईक आतल्या खोलीत घाम पुसत उभं.

"वायरिंग नवीन आहे," काकांनी सांगितलं.

"नवीन असून असं?" नवऱ्याची आई म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

दुसरं गिऱ्हाईक एक शिक्षक. या खेपेला काकूंनी हात पाठीमागे बांधून ठेवले आणि घर दाखवायचं काम काकांवर सोपवलं. काकांनी ते मोठ्या आत्मविश्वासाने केलं. एकही बटण बरोबर दाबलं नाही आणि प्रत्येक वेळी "हे बघा" म्हणाले. शिक्षकांनी बघितलं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

दलाल कपाळाला हात लावून बसला. घराला काही झालेलं नाही, झालंय ते तुम्हा दोघांना, असं त्याचं निदान. बटणांवर चिठ्ठ्या चिकटवू का, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाला की चिठ्ठ्या लावलेल्या औषधाच्या बाटल्या विकल्या जातात, घरं नाही. मग सराव सुरू झाला. काका खुर्चीत बसून खोलीचं नाव पुकारत आणि काकू उठून बटण दाबत. गुडघे कोणाचे दुखतात याचा त्या घरात तेवढ्यापुरता विसर पडला होता. दोघंच असताना दहातली सात बटणं बरोबर येत. नुसता दूधवाला दारात उभा असला तरी तीनवर घसरत.

तिसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. एक नर्स, ड्यूटी संपवून. महिना संपायला सहा दिवस उरले होते आणि हिच्यानंतर हातात कोणी नाही, हे दलालाने स्पष्ट सांगितलं होतं.

आपण दोघांनी घरात थांबायचंच नाही, असं काकूंनी दुपारी जाहीर केलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मालकच गायब म्हणजे लोकांना संशय येणार. शिवाय खिडकीची कडी, पाण्याची वेळ, हे कोण सांगणार? काकूंना ठाऊक होतं की काकांना सांगायचं असं काही नाही, लोकांनी ऐकावं एवढंच आहे.

"एकतीस वर्षं तुम्ही सांगितलंत तिथे मी हात घातला," त्या म्हणाल्या. "आज अर्धा तास मी सांगते तिथे तुम्ही बसा."

काका उठले. चप्पल शोधायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

समोरच्या फुटपाथवर बाक होता, तिथे दोघं बसले. नर्स वर गेली, मागोमाग किल्ली घेऊन दलाल. आधी हॉल उजळला. मग बाथरूमची छोटी खिडकी.

"बाथरूम," काका पुटपुटले.

स्वयंपाकघर उजळलं. मग आतली खोली. एकही दिवा चुकीचा लागला नाही, एकही लावून लगेच विझवला गेला नाही. त्या बाईने घरात आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं, आणि घर तिचं ऐकत होतं. काकांनी बोटं मुठीत मिटली. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खिडक्यांकडे बघू लागल्या.

वीस मिनिटांनी नर्स रस्ता ओलांडून आली. पायऱ्यांचं काही वाटत नाही, दवाखान्यात दिवसभर चढउतारच करते, म्हणाली. घर पसंत होतं. तीन आठवड्यांत ताबा मिळेल का आणि वायरिंग कोणी केलं, एवढंच तिला विचारायचं होतं. भाड्याच्या घरात दोनदा शॉक बसला होता बिचारीला.

काकूंनी काकांकडे बघितलं. हे उत्तर काकांचं होतं.

"हिनं करून घेतलं," काका म्हणाले. "मी नको म्हणत होतो."

तेवढ्यात बाल्कनीतून दलालाने हात केला आणि ओरडून सांगितलं की बोलणं पक्कं झालं असेल तर लगेच वर या, कागदावर दोन सह्या करून टाकू.

काकूंनी मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघितलं.

"त्याला म्हणावं, कागद खाली आण," त्या काकांना म्हणाल्या. "पेनही."