मातीने धरून ठेवलेलं

एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेत मातीतलं विष मोजतेय. परवापर्यंत वाटत होतं, आपल्याला यातलं सगळं कळतं. कपाळ माझं!

आमची रीत साधी. माती द्रावकात घालून बारा तास हलवायची, द्रावकात उतरेल तेवढं विष मोजायचं. पद्धत चोख आहे ना, हे बघायला स्वच्छ मातीत मोजून विष मिसळायचं आणि त्याच दिवशी परत काढायचं. घातलेलं सगळं परत मिळतं, की आम्ही खूश.

अशीच विष मिसळलेल्या मातीची एक बाटली मी फळीवर विसरले. तीन महिन्यांनी सापडली. फेकण्याआधी सहज चाचणी लावली, तर जेमतेम एक तृतीयांश बाहेर आलं. बाकीचं मातीने धरून ठेवलं होतं, सोडायलाच तयार नाही.

मला ताईचं अंगण आठवलं. ताईचं घर कीटकनाशकाच्या जुन्या गोदामाच्या जागेवर आहे. तिथे तर विष तीस वर्षं मुरलंय! तिथल्या मातीच्या ‘विष आढळले नाही’ या अहवालावर सही माझीच. त्याच भरवशावर तिने घर घेतलं. तिची दहा महिन्यांची पोर दिवसभर अंगणात रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते.

मातीने धरलेलं विषही सुटावं म्हणून तिच्या अंगणातला उरलेला नमुना मी कडक अल्कलीत उकळायला ठेवला. साहेब दारात येऊन उभे राहिले.

“हे नियमात नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“मग ती माती तुमच्या नातीला चाटायला द्या,” मी म्हटलं. एरवी मी त्यांच्यापुढे ब्र काढत नाही.

अर्क यंत्रात घातला; विष असेल तर रेघ वर उठते. पडद्यावरची रेघ सहा मिनिटं सपाट होती. सपाटच राहा गं बाई, मी पुटपुटत होते. सातव्या मिनिटाला ती उठली आणि पार वरच्या कडेला टेकली.

मी फोन लावला. “ताई, पोरीला आत घे. आधी आत घे, मग बोल.”

“अगं, झालं काय?”

“माती विषारी आहे. माझा अहवाल चुकला.”

धावल्याचा आवाज आला. “आ कर, आ कर गं!” मग रडणं, नळाचं पाणी. ताई परत फोनवर आली तेव्हा वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आजवर पोटात गेलं, ते कसं काढायचं?” तिने विचारलं. “तू हेच काम करतेस ना?”

मला रडू फुटलं. “डॉक्टरांकडे ने, मी निघालेच,” मी म्हटलं. त्यापलीकडे मला काहीच माहीत नव्हतं.