एका नजरेत निदान

आमच्या रुग्णालयात मला ‘गरुड’ म्हणतात. हे टोपणनाव लोकांनी प्रेमाने दिलं असं मी सांगत असतो. खरं म्हणजे एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात ते मीच सुचवलं आणि पुढे प्रत्येक भाषणात, प्रत्येक चहाला, “मला गरुड म्हणतात ना” असं म्हणत म्हणत रुजवलं. शेवटी लोक कंटाळले आणि म्हणायला लागले.

गरुड कशासाठी, तर नजरेसाठी. मी डोळ्यांचा डॉक्टर. आसपासच्या खेड्यापाड्यांतून आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या बुबुळावर व्रण झालेला असतो. शेतात पात लागते, गिरणीत कण उडतो, कुणी मळक्या हाताने डोळा चोळतो, आणि दोनचार दिवसांत काळ्याभोर बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. तो व्रण जिवाणूंचा की बुरशीचा, हे कळणं महत्त्वाचं. दोघांची औषधं निराळी. चुकीचं औषध दिलं तर रोग आत पोखरत जातो आणि डोळा हातचा जातो. हे ठरवायची शहाणी पद्धत अशी, की डोळा बधिर करायचा, व्रणाचा बारीक कण खरवडून काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. माझी पद्धत याहून सोपी होती. मी तपासणीच्या यंत्रातून एकदा बघायचो आणि सांगून टाकायचो.

सूक्ष्मदर्शकाशी, तळघरातल्या प्रयोगशाळेत, माझी बायको बसते. “तुला नुसतं बघून कळतं, तर मला पगार कशाला देतात?” हा तिचा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीसारखा कायमचा ठेवलेला असायचा. मी त्यावर मंद हसायचो. मला मंद हसता येतं याचाही मला अभिमान होता.

शेवटी तिनेच तोड काढली. म्हणाली, रीतसर अभ्यास करू. विभागातल्या तिघा डॉक्टरांनी प्रत्येक व्रण नुसता बघून अंदाज सांगायचा. तो अंदाज प्रयोगशाळेला कळणार नाही आणि एकाचा दुसऱ्यालाही कळणार नाही. उपचार मात्र प्रयोगशाळेच्या निकालावरच करायचे, ही अट तिने पहिल्याच दिवशी घातली. वर्षअखेरीस सगळं ताडून बघायचं. मी बाह्या सरसावल्या. वर एक कलम माझ्या पदरचं घातलं. डॉक्टरने आपल्याला किती खात्री आहे तेही सांगायचं. म्हटलं, शोधनिबंध छापून येईल तेव्हा माझी खात्रीही जगाला दिसू दे. मग वर्षभर मी व्रणामागून व्रण बघत ‘पूर्ण खात्री’ म्हणत सुटलो. एखाद्या दिवशी चहा झालेला नसेल तर ‘बरीच’ म्हणायचो. आमचा ज्युनियर बिचारा ‘थोडीशी’, ‘नक्की नाही’ असं चाचरायचा. मला त्याची कीव यायची.

परवा आकडेमोड करणारी मुलगी निकाल घेऊन माझ्या खोलीत आली. आत आल्यावर तिने दार लावलं. मग म्हणाली, “सर, पाणी घेता का?”

खोली माझी, पाण्याचा तांब्या माझा. तरी मी घेतलं.

“बाकी दोघांचे अंदाज बऱ्यापैकी आलेत,” ती म्हणाली. “तुमचे जरा... म्हणजे सर, नाणं उडवून सांगितलं असतं तर निम्मे बरोबर आले असते.”

“आणि माझे?”

“नाण्याच्या थोडे खाली.”

मी मंद हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“आणि तो खात्रीचा रकाना,” ती आता खुलली होती, कारण तिला आकडे आवडतात आणि माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. “जिथे तुम्ही ‘बरीच’ म्हणालात तिथे ठीक आहे. ‘पूर्ण खात्री’ म्हणालात की बहुतेक चुकलेलंच आहे. असं फक्त तुमच्याच बाबतीत होतंय. फार इंटरेस्टिंग आहे, सर!”

“तो रकाना काढून टाकता येईल का?”

“तो तुम्हीच घातला होता ना?”

“म्हणून तर विचारतोय.”

येणार नव्हता. मग मी तिला गळ घातली, की मॅडमना, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्यात सांगू नका, मी स्वतः सांगतो. ती बरं म्हणाली आणि गेली. मी खुर्चीत बसून विचार करू लागलो. रुग्ण कमी होते असं म्हणावं का? यंत्राचा दिवा अंधुक होता असं म्हणावं का? यंत्र गेल्याच वर्षी मी स्वतः निवडून आणलं होतं आणि त्याच्या दिव्यावर एक भाषणही ठोकलं होतं. एकूण सगळी दारं मीच आधी बंद करून ठेवली होती.

तेवढ्यात सिस्टर आत डोकावल्या. “सर, मॅडमच्या आई आल्यात. डोळ्याला रुमाल लावून बसल्यात. मॅडमना फोन केलाय.”

माझ्या सासूबाईंची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. आता शाळा बंद केली, पण गाडी सुटली नाही. एकट्या राहतात, मनाला येईल तिथे स्वतः गाडी घेऊन जातात, आणि “आई, आता आमच्याकडेच राहा” असा विषय कुणी काढला की उठून चालू लागतात. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. सगळा संसार, सगळं ड्रायव्हिंग उजव्या डोळ्यावर. आणि रुमाल होता तो उजव्याच डोळ्यावर.

बायको तळघरातून धापा टाकत आली. “आई, तू आलीस कशी?”

“गाडीने.”

“चालवली कुणी?”

“गाडीच्या मालकिणीने. हळू आले. कडेकडेने.”

बायको मटकन स्टुलावर बसली.

झालं होतं असं. चार दिवसांपूर्वी अंगणातल्या झाडाची वाळकी फांदी तोडताना काडी डोळ्याला लागली. शेजारणीकडे कसलेसे थेंब उरले होते, ते सासूबाईंनी घातले. लाली गेली, म्हणून त्या खूश. आज सकाळी उठल्या तर समोर नुसतं धुकं. ते थेंब मी ओळखले. लाली घालवतात आणि जंतूंना मोकळं रान देतात.

मी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा बारीक केला आणि बघितलं. बुबुळाच्या जवळजवळ मधोमध करडा-पांढरा व्रण. आणि बघताक्षणी माझ्या डोक्यात उचकी लागावी तसा निकाल आला: जिवाणू, पूर्ण खात्री! मी काही बोलावलं नव्हतं त्याला. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या खात्रीची भीती वाटली. मी दात आवळून गप्प बसलो.

“खरवडून नमुना घ्यायला हवा,” बायको म्हणाली. सिस्टरांनी बधिर करायचे थेंब, काचपट्ट्या आणि ते छोटं पातं ट्रेमध्ये आणून ठेवलं. सासूबाईंनी त्या पात्याकडे डाव्या डोळ्याने बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“डोळ्याला पातं? मुळीच नाही.”

“आई, दुखत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.”

“कशाला पण? जावई बसलेत ना समोर! एका नजरेत सांगतात ते. सगळा गाव म्हणतो.” आणि माझ्याकडे वळून, “काय हो, कळलं ना तुम्हाला? औषध लिहा म्हणजे मी निघते.”

लग्नाला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत सासूबाईंनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. आज केलं, तेही भरल्या ओपीडीत, दार उघडं, बाहेरच्या बाकावरचे रुग्ण कान टवकारून बसलेले. मला इतकं बरं वाटलं की त्याची मला लाज वाटली.

“सांग ना तिला,” बायको मला म्हणाली.

“तसं आहे आई,” मी घसा साफ केला, “नजर तशी आपली चांगली आहे, पण...”

“तेच म्हणतेय मी!”

“पण तपासून घेतलेलं बरं असतं. निव्वळ खातरजमा म्हणून...”

“तुम्हाला खातरी आहे ना? मग झालं तर!”

मी बायकोकडे बघितलं. ती रोज जगभराच्या जंतूंशी शांतपणे बोलणारी बाई. ती ट्रेमधल्या काचपट्ट्या उगीचच पुन्हा पुन्हा लावत होती. “दोन्ही औषधं एकदम घालू का?” मी तिला हळूच विचारलं. तो खरं तर पळून जायचा रस्ता होता. तीही हळूच म्हणाली, “मग कशाने काय होतंय ते कळणार कसं? आणि थेंब सुरू झाले की नमुना बिघडतो. एकच डोळा आहे रे तिला.” तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बघून मला माझा मनापासून राग आला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्याने माझं नाक कापलं जाणार होतं, आणि त्याच्याशिवाय सासूबाईंचा डोळा जाणार होता, आणि तरीही मी घासाघीस करत होतो.

“आई,” मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा निघाला. “मला बघून कळत नाही.”

“असं कसं?”

“वर्षभर आम्ही त्याचाच अभ्यास केला. आज सकाळी निकाल आला. माझे निम्म्याहून जास्त अंदाज चुकलेत. मी नाण्यापेक्षा वाईट आहे. आणि मला पूर्ण खात्री असते ना, तेव्हा तर हमखास चुकतो. आत्ता मला पूर्ण खात्री आहे.”

सिस्टर कापसाच्या डब्यात काहीतरी शोधू लागल्या. बाकावरचे एक आजोबा उठले, आपली कागदांची पिशवी काखेत मारली आणि चुपचाप ज्युनियरच्या दारापुढच्या बाकावर जाऊन बसले. बायको माझ्याकडे तोंड वासून बघत होती. मी वाट बघत होतो ती सासूबाईंच्या चेहऱ्याची. म्हटलं, आता माझ्यावरचा इतक्या वर्षांचा विश्वास कोसळताना दिसेल.

सासूबाई म्हणाल्या, “ते मला माहीत आहे हो.”

“म्हणजे?”

“तुम्हाला गाडी मीच शिकवली ना? समोर खांब दिसत असताना ‘बसेल गाडी, बसेल’ म्हणायचात. तुमच्या नजरेवर कोण विश्वास ठेवतंय!”

“मग मघाशी ते कौतुक?”

सासूबाईंनी मान फिरवली. मग एकदम लहान आवाजात म्हणाल्या, “मला त्या पात्याची भीती वाटते. काहीतरी सबब हवी होती. तुम्ही फुगता लवकर, म्हणून तुम्हाला फुगवलं.”

माझी आयुष्यभराची कीर्ती सबब म्हणूनसुद्धा पाच मिनिटं टिकली नाही. बायको रडता रडता हसायला लागली, आणि मग तिने आईचं डोकं पोटाशी धरलं.

“कोण करणार?” सासूबाईंनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

माझ्या हाताबद्दल मी कधी कुठे भाषण केलेलं नाही. त्यामुळे असेल, पण हात चांगला आहे. बधिर करायचे थेंब घातले, त्यांचं कपाळ यंत्राच्या पट्ट्याला टेकवलं. बायकोने मागून डोकं धरून ठेवलं. सासूबाईंनी माझ्या पांढऱ्या कोटाचा कोपरा मुठीत घट्ट पकडला होता. “हलू नका आई. झालंच.” व्रणाच्या कडेचा कण पात्याच्या टोकावर आला, काचपट्टीवर गेला, आणि ती पट्टी घेऊन बायको जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली गेली.

आम्ही दोघं बसून राहिलो. गप्प बसणं मला जमत नाही, पण त्या वेळी जमलं.

बायको वर आली ती दारातूनच म्हणाली, “बुरशी आहे. धागेच्या धागे दिसतायत.” मग माझ्याजवळ येऊन, “तुझी खात्री कशाची होती?”

“जिवाणूंची.”

ती औषध मागवायला वळली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मघाशी मी मंद हसून औषध लिहून दिलं असतं आणि सासूबाई माझा जयजयकार करत, कडेकडेने गाडी चालवत घरी गेल्या असत्या, आणि आत डोळा सडत गेला असता.

बुरशीचं औषध आलं. दिवसभर तासातासाला घालायचं, काही आठवडे. मी बाटली हलवून घेतली. सासूबाई डोळा मिटून बसल्या होत्या. आत्तापर्यंत दर वेळी त्यांची पापणी सिस्टरांना दोन बोटांनी उघडावी लागत होती.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “खरं सांगा. डोळा राहील का? गाडी चालवता येईल का मला?”

आतून लगेच उत्तर वर यायला लागलं. ‘अहो, काही काळजी करू नका, महिन्याभरात...’ पूर्ण खात्रीचं, छान, गोलमटोल उत्तर. मी ते गिळलं.

“माहीत नाही, आई.”

“माहीत नाही म्हणजे जाईल, असंच ना?”

“नाही. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. रोज बघायचं, लागलं तर पुन्हा खरवडायचं, आणि जे दिसेल ते तुम्हाला सांगायचं. मलाही भीती वाटतेय.”

त्यांनी माझा कोट सोडला नव्हता. तो तसाच धरून “बरं” म्हणाल्या, मान मागे टाकली आणि डोळा आपणहून उघडला.