टिकलीचं वजन

आमच्या शेडमध्ये शेळ्यांना नंबर असतात. कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि तोच नंबर पुढे बोटाच्या पेराएवढ्या कुपीवर जातो. सतरा नंबरला मी टिकली म्हणायचो, कारण तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. शेळीला नाव द्यायला बंदी होती. नाव दिलं की माणूस मऊ पडतो, असं सहीवाले म्हणायचे. सहीवाले म्हणजे आमचे सुपरवायझर. हा माणूस सही घेतल्याशिवाय कुणाला खराटाही देत नसे, म्हणून हे नाव. माणसांना नावं पाडायला बंदी नव्हती.

या शेळ्या दुधासाठी नाहीत आणि मटणासाठीही नाहीत. त्या रक्तासाठी आहेत. कामाला लागलो तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. मग शेळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा नीट समजावून सांगितलं. समुद्रातल्या प्रवाळात एक लाल प्रोटीन असतं. ठराविक उजेड टाकला की ते लाल चमकतं. प्रयोगशाळेतले लोक उंदराच्या पेशींत ते प्रोटीन तयार होईल अशी सोय करतात, म्हणजे कोणती पेशी कुठे पोचली ते चमकण्यावरून कळतं. पण मेंदूचे पातळ काप करून औषधात ठेवले की पुष्कळदा चमक विझते. प्रोटीन जागेवरच असतं, फक्त दिसत नाही. ते शोधायला अँटीबॉडी लागते. शेळीला ते लाल प्रोटीन टोचायचं. शेळीचं अंग त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. रक्त काढून थिजू दिलं की वर पिवळट पाणी सुटतं, त्यात ती असते. ती गाळून, साफ करून कापावर टाकली की नेमकी त्या लाल प्रोटीनला जाऊन चिकटते, आणि तिच्यावर चढवलेल्या चमकत्या रंगामुळे ती जागा उजळते.

"म्हणजे चोर ओळखणारा साक्षीदार," मी म्हणालो.

"अगदी बरोबर, मामा. पण सगळे साक्षीदार सारखे नसतात."

मला तिथे सगळे मामाच म्हणतात.

खरंच सारखे नसतात. बाकीच्या शेळ्यांची अँटीबॉडी लाल प्रोटीनला चिकटायची आणि जाता जाता शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मिठी मारायची. मग सगळा काप उजळून निघतो, आणि सगळंच उजळलं की काहीच कळत नाही. टिकलीची तशी नव्हती. जिथे लाल प्रोटीन तिथेच ती, बाकी सगळा अंधार. लांबलांबचे लोक पत्रात लिहायचे, सतरा नंबरचीच पाठवा.

असं असलं तरी नियम तिलाही होता. पस्तीस किलोच्या खाली वजन गेलं की शेळी यादीतून काढायची. अशक्त जनावराचं रक्त काढत राहू नये म्हणून हा नियम. पण यादीतून काढायची म्हणजे कुठे माळावर सोडायची नव्हे. तिला झोपेचं इंजेक्शन द्यायचं आणि एकदाच सगळं रक्त घ्यायचं. त्याला शेवटचं रक्त म्हणतात. माझ्यासमोर बारा-तेरा शेळ्या तशा गेल्या होत्या. धरायला मीच असायचो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी टिकलीचं वजन साडेचौतीस भरलं.

आमचा काटा जमिनीलगतच्या फळीचा आहे. फळीवर शेळी उभी राहते, समोर खांबावर घड्याळासारखी तबकडी. सहीवाले तबकडीसमोर उभे राहून आकडा लिहायचे. मी शेळीच्या तोंडाशी, फळीच्या कडेला. पायात गमबूट. काटा साडेचौतीसवर थरथरत होता आणि सहीवाले पेनचं टोपण शोधत होते. मी बुटाचं टोक फळीवर ठेवलं.

"छत्तीस," सहीवाले म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

पुढच्या वेळी पुन्हा ठेवलं. मग माझ्या डोक्यात आलं, दर वेळी छत्तीस म्हणजे अगदी काठावर. एखाद्या दिवशी पाय हलका पडला तर? शिवाय काठावरच्या जनावरावर सगळ्यांची नजर असते. म्हणून मी हळूहळू सदतीस आणि मग अडतीस केलं. अडतीसवर कुणी वळूनही बघत नाही. पायाला इतकी सवय झाली की तबकडीकडे न बघता मी बरोबर अडतीसवर आणून ठेवायचो. तिचं खरं वजन किती, ते आता मलाही माहीत नव्हतं.

ती उतरत चालली होती, हे मात्र दिसत होतं. बरगड्या मोजता यायच्या. मी तिला माझ्या हाताने मक्याचे दाणे भरवायचो, दुपारी उन्हात बसवायचो. घरी गेल्यावरही तोंडात तोच विषय. बायको एकदा म्हणाली, "दोन वर्षं झाली, ती वाळली, ती वाळली ऐकतेय. घरात एक बाई वाळतेय, तिला कधी काट्यावर चढवलंत का?"

"तुला उचलून चढवायला चार माणसं लागतील," मी म्हणालो. त्या रात्रीची भाजी तिने मुद्दाम अळणी केली.

मला वाटायचं, वय झालंय. डॉक्टरही तेच म्हणायचे. कागदावर अडतीस होतं, त्यामुळे त्यांना तरी शंका कशाने येणार?

मग ती मुलगी आली. कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करणारी, हातात बर्फाची पेटी. आल्या आल्या तिने शेडमध्ये डोकावून विचारलं, "सतरा नंबर कुठलं मशीन?"

"ते बघा, मशीन चारा खातंय," मी म्हणालो.

ती हसली, मग तिथेच खाली बसली. टिकलीने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं. मुलगी म्हणाली, "तीन वर्षं मी हिच्यावर जगतेय, काका, आणि कुपीवरचा सतरा म्हणजे एक शेळी, हे मला माहीतच नव्हतं."

तिची अडचण अशी होती. तिच्याकडे मेंदूच्या कापांच्या अकरा काचपट्ट्या उरल्या होत्या. ते उंदीर आता नव्हते, तसे पुन्हा तयार करायचे तर दोन वर्षं जाणार, आणि तिच्या सरांची निवृत्ती चार महिन्यांवर आलेली. सतरा नंबरचा साठा संपला म्हणून आमच्या ऑफिसने तिला चाळीस नंबर पाठवली. तिने दोन पट्ट्यांवर ती वापरली, आणि दोन्ही काप या कडेपासून त्या कडेपर्यंत उजळले. त्या पट्ट्या गेल्या. म्हणजे अकरा होत्या, त्या आता नऊ. एक कुपी सतरा नंबर मिळाली तर नऊ निभतात.

"एकच कुपी," ती म्हणाली. "मी इथे थांबून घेऊन जाते. ऑफिसने हो म्हटलंय."

त्या दिवशी टिकलीचं रक्त काढायचंच होतं. आधी वजन. डॉक्टर आले, सहीवाले वही घेऊन आले. टिकली नेहमीसारखी स्वतःच फळीवर चढली आणि माझ्या मुठीत दाणे शोधायला लागली. माझा बूट आपोआप जागेवर गेला.

"अडतीस," सहीवाले म्हणाले. "शेळी आहे की सरकारी वजन? तसूभर हलत नाही."

मुलीला सगळ्याचंच कुतूहल. तिने डॉक्टरांना विचारलं, "एका वेळी किती रक्त घेता? अंदाजाने?"

"छे, अंदाजाने कसं? वजनावर. किलोला दहा मिली. अडतीस किलो, म्हणून तीनशे ऐंशी. त्याहून जास्त घेतलं तर भरून निघत नाही, जनावर खंगत जातं."

मी इतकी वर्षं पिशव्या धरल्या होत्या. किती घ्यायचं ते डॉक्टर त्यांच्या खोलीत कागदावर ठरवून यायचे. मला वाटायचं शेळीकडे बघून ठरवत असतील. मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. माझा बूट अजून फळीवरच होता.

मी जे चार किलो, पाच किलो बुटाने घालत होतो, तेवढ्याचं रक्त तिच्या अंगातून जात होतं. दर तीन आठवड्यांनी अर्धा कप जास्त. रक्त जास्त गेलं म्हणून ती वाळत होती, ती वाळत होती म्हणून मी बूट आणखी दाबत होतो. तिला वाचवायला अडतीस. पस्तीसवर समाधान मानलं असतं तरी थोडं कमी गेलं असतं.

डॉक्टर पिशवी आणायला वळले. मी गप्प राहिलो तर आज तीनशे ऐंशी जाणार होतं, आणि तिचे मागचे पाय त्या आठवड्यात उठताना लटपटत होते. बोललो तर नियम होता. मी तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. ती दाणे चावत होती.

"डॉक्टर, पुन्हा वजन करा," मी म्हणालो.

"का हो, मामा?"

"पुन्हा करा."

मी पाय काढून एक हात मागे सरकलो. काटा खाली आला, हलला, थांबला.

सहीवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "एकतीस?"

डॉक्टरांनी आधी तबकडीकडे बघितलं, मग माझ्या बुटाकडे. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"मामा, मामा." ते एवढंच म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मला एकट्याला सांगायचं होतं ना. मी तिला आजारी दाखवून महिनाभर बसवली असती."

ते मला सुचलंच नव्हतं. सहीवाल्यांनी वहीत आकडा लिहून टाकला होता.

"साहेब, तो आकडा थोडा…" डॉक्टर म्हणाले.

"थोडा काय? मीच अडतीसवर पंचवीस-तीस सह्या केल्यात. माझी नोकरी त्या वहीत आहे," सहीवाले म्हणाले. त्यांनी वही मिटली. "मी ऑफिसला कळवतो. ते सांगतील ते."

ते बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिले. मुलगी माझ्याकडे आली. "काका, मला कुपी नको. मी त्यांना सांगते, मला नको म्हणून."

ती सांगायला गेलीसुद्धा. सहीवाल्यांनी तिला फोन दिला. मी दारातून बघत होतो. ती हात हलवून हलवून बोलली, मग नुसती ऐकत राहिली, मग फोन परत दिला.

"ते म्हणतात, तुमच्या एका कुपीचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "अठरा ठिकाणची मागणी अडून आहे. आणि एकतीस किलोच्या जनावराला ठेवणं नियमात नाही. नियम जनावराच्याच भल्यासाठी आहे म्हणाले." ती माझ्याकडे बघेना. "शेवटचं रक्त आजच घ्या म्हणाले. सगळ्यांना पुरेल."

डॉक्टरांनीही फोन करून बघितला. एक महिना द्या, खाऊ-पिऊ घालून मी तिला पस्तीसवर आणतो, असं म्हणाले. तिकडून वय विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. या वयात वजन भरून येत नाही म्हणाले, आणि फोन ठेवला.

"मी धरणार नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला सांगा."

"नका धरू," डॉक्टर म्हणाले. "मी गोठ्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो."

चाऱ्याच्या गाडीवरचा माणूस आला. त्याने टिकलीच्या गळ्याला हात लावताच तिने असा हिसडा दिला की ती खांबावर आपटली आणि मोठ्याने ओरडायला लागली. बाकीच्या शेळ्याही ओरडायला लागल्या. तो माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "मामा, ही मला जवळ येऊ देईना." मी जाऊन धरलं. ती लगेच शांत झाली आणि माझ्या मुठीत तोंड खुपसलं. मुठीत काही नव्हतं.

आत खोलीत मी खाली बसलो आणि तिला टेकवून घेतलं. डॉक्टर झोपेच्या इंजेक्शनची सुई भरत होते. ते मध्येच थांबले. "हेही वजनावर असतं," ते म्हणाले. "किती धरू, मामा?"

"एकतीस," मी म्हणालो.

त्यांनी सुई उजेडाकडे धरून थोडं औषध बाहेर सोडलं आणि तिच्या मांडीत टोचली. ती कान हलवून पुन्हा माझ्या खिशाकडे वळली. सहीवाल्यांनी दार उघडून विचारलं, "किती वेळ लागेल?" डॉक्टर म्हणाले, "लागेल तेवढा." दार लागलं. बाहेर बाकावर ती मुलगी बर्फाची पेटी पायाशी ठेवून बसली होती. जायचं असेल तर जा, असं मी तिला मघाशीच म्हटलं होतं. पण नऊ पट्ट्या उरल्या असताना कुपी घेतल्याशिवाय तिलाही जाता येत नव्हतं.

टिकलीला झोप लागेना. म्हातारी जनावरं कधी कधी वेळ घेतात. मी तिच्या कानामागे खाजवत राहिलो, आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत भिंतीला टेकून उभे राहिले.