फक्त तुम्हीच

सासू-सुनेचं पटत नव्हतं, हे सांगायला कोणा साक्षीदाराची गरज नव्हती. एका घरात राहून दोघी कामापुरतं बोलत, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला उठून जावंसं वाटे. सासूचं खाली रस्त्याला लागून शिलाईचं दुकान होतं. सून फोनमधल्या अ‍ॅपवर जे शब्द दिसतात ते लिहायची. ‘चार ओळी लिहायच्या आणि दिवसभर खुर्ची उबवायची,’ असं सासू गिऱ्हाइकांना सांगे, आणि गिऱ्हाइकं ते इमानेइतबारे सुनेपर्यंत पोचवत.

सुनेच्या ऑफिसात एक चाल होती. नवा मजकूर लोकांपुढे जाण्याआधी लिहिणाऱ्याने तो आपल्या घरातल्या सगळ्यात खवट माणसाला वाचायला द्यायचा. त्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही, तर मजकूर पास. याला सगळे ‘सासूची परीक्षा’ म्हणत. कोणी त्यासाठी काका पकडे, कोणाला शेजारपाजार धुंडाळावा लागे. सुनेला शोधाशोध करावी लागत नसे, एवढंच काय ते लग्नाचं सुख.

या वेळी काम होतं एका दवाखान्याच्या अ‍ॅपचं. पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नव्हते. कोणी तो कॅलेंडरवर लिहून ठेवी, कोणी दर खेपेला नवा करी आणि तोही विसरे. म्हणून पासवर्डच काढून टाकायचं ठरलं. ज्या बोटाने फोन उघडतो, त्याच बोटाने अ‍ॅपही उघडायचं. पण म्हातारी माणसं बिचकली. आपल्या बोटाचा ठसा कुठे जाणार, आपले रिपोर्ट कोण बघणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यांच्या जिवाला स्वस्थता वाटेल असं काहीतरी लिहायचं होतं. सुनेने लिहिलं: ‘आता पासवर्ड नको. बोट टेकवा आणि आत या. तुमच्या बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही. तुमची माहिती फक्त तुम्हीच उघडू शकता.’

यावर पहिला दगड टाकला तो कुलूपवाल्याने. अ‍ॅप सुरक्षित ठेवण्याचं काम त्याच्याकडे, म्हणून ऑफिसात त्याला हेच नाव पडलं होतं. शेवटची ओळ खोटी आहे, असं तो भर मीटिंगमध्ये म्हणाला. फोनमध्ये ज्या ज्या बोटांची नोंद असेल, त्या सगळ्या बोटांनी अ‍ॅप उघडणार. मग ते बोट नवऱ्याचं असो की मुलाचं. स्वतःच्या फोनमध्ये दुसऱ्याचं बोट कोण ठेवून घेतं, असं सुनेने विचारलं. ‘घरी विचारा,’ एवढंच तो म्हणाला. त्याने स्वतः सुचवलेली ओळ होती, ‘सदर उपकरणात नोंदणीकृत कोणत्याही जैविक ओळखीद्वारे प्रवेश शक्य आहे.’ सुनेने ती सगळ्यांसमोर कोर्टातल्या कारकुनाच्या सुरात वाचून दाखवली. मीटिंग हसली. कुलूपवाला हसला नाही, आणि तिला त्याचंच बरं वाटलं. शेवटी प्रमुख बाईंनी भांडण तोडलं: सासूची परीक्षा घ्या, पास झालं तर हेच जाऊ दे.

सासू मशीनवर बसली होती, ओठांत टाचण्या धरून. सुनेने फोन पुढे केला. सासूने चष्मा लावला, एकदा वाचलं, परत वाचलं. मग टाचण्या काढून म्हणाली, “बरं लिहिलंय. तू नसशील लिहिलं.”

एकही प्रश्न नाही. मजकूर पास झाला.

सासूने तो दोनदा का वाचला, हे सुनेला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मध्यंतरी सासूने एकाच झग्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. एका जुन्या गिऱ्हाइकाचं नाव काही केल्या तोंडावर येईना. ती कोणाला न सांगता त्याच दवाखान्यात जाऊन विसराळूपणाची तपासणी करून आली होती, आणि रिपोर्ट अ‍ॅपवर येणार होता. मुलाला कळलं तर दुकान गेलंच, हे ती जाणून होती. मुलगा घरांचे नकाशे काढायचा. त्याचा कॉम्प्युटर आणि कागदांच्या गुंडाळ्या कित्येक वर्षं जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून होत्या आणि त्याचा डोळा खालच्या जागेवर होता. “आई, आता पुरे,” हे त्याचं पालुपद होतं. नुसतं निमित्त मिळायचं बाकी होतं.

आणि बोटाचं म्हणाल तर काखेत कळसा अन् गावाला वळसा. आईला फोन घेऊन दिला तेव्हाच मुलाने त्यात आपलं बोट नोंदवून ठेवलं होतं. सुईने टोचून, कापडावर घासून आईच्या बोटांचे ठसे पुसट झाले होते, फोन तिला दहादा नाकारायचा. अडीअडचणीला असावं, म्हणून मुलाचं बोट. हे सुनेच्या डोळ्यांदेखत झालं होतं. मीटिंगमध्ये मात्र तिला ते आठवलं नाही, कारण ती तेव्हा जिंकण्याच्या नादात होती.

अ‍ॅप लोकांच्या हातात गेलं आणि घरच्यांनीच आपले रिपोर्ट उघडल्याच्या तक्रारी आल्या. कुलूपवाल्याने त्या सरळ प्रमुख बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, सुनेला डावलून. ओळ बदलायचा हुकूम झाला. तिने दात-ओठ खात लिहिलं: ‘या फोनमध्ये ज्यांच्या बोटांची नोंद आहे, ते सगळे ही माहिती उघडू शकतात. फोनमध्ये कोणाकोणाची बोटं आहेत, एकदा पाहून घ्या.’ लिहिता लिहिता तिला नवऱ्याचं बोट आठवलं. सासूला सांगायला हवं, हेही मनात आलं. पण त्याच सकाळी सासूने दुकानात तिच्या स्वयंपाकाची यथेच्छ टिंगल केली होती. वाचेल स्वतः, डोळे आहेत, असं म्हणून तिने विषय संपवला. अ‍ॅपवर एकदा वाचलेलं माणूस परत कधीच वाचत नाही, हे मात्र तिच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण होतं.

रिपोर्ट आला तेव्हा सासूचा फोन मुलाच्या हाताशी चार्जिंगला लागला होता. जेवायला बसल्यावर त्याने तो टेबलावर ठेवला. तो ओरडला नाही. फार मऊ आवाजात बोलला, आणि तो मऊ बोलला की समजावं, त्याचं ठरलंय.

“आई, रिपोर्ट वाचला मी. दुकानाच्या चाव्या दे.”

रिपोर्टात विसराळूपणाची सुरुवात आहे असं होतं, आणि काम चालू ठेवलेलं बरं असंही होतं. दुसरी ओळ त्याने गिळली.

“तू उघडलंस कसं?” सासूने विचारलं.

“माझं बोट आहे ना त्यात.”

“पण तिथे लिहिलं होतं. फक्त मीच उघडू शकते म्हणून.”

मुलाने अ‍ॅप बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि फोन तिच्यासमोर धरला. “दाखव, कुठे लिहिलंय.”

सासूने चष्मा लावला. शिवण उसवलेली जागा शोधावी तसं ओळीओळीखालून बोट फिरवलं. ती ओळ नव्हती. होती ती नेमकी उलटी.

“हेच म्हणतोय मी, आई. जे नव्हतंच, ते तुला आठवायला लागलंय.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

“वाचलं होतं मी,” सासू म्हणाली. मग आवाज खाली गेला. “वाटलं असेल मला.” तिने खिशातून चाव्यांचा जुडगा काढून ताटाशेजारी ठेवला. सुनेकडे तिने एकदाही पाहिलं नाही. सुनेची साक्ष काढायची वेळ तिने आयुष्यात स्वतःवर येऊ दिली नव्हती, आणि आजही देणार नव्हती.

सुनेने फक्त घास चावत राहायचं होतं. टेबल मोकळं होणार होतं, दुकानातले टोमणे बंद होणार होते, आणि कोणाला काही कळणार नव्हतं. सासूवर तिची माया नव्हती, आता अचानक फुटलीही नाही. पण दुसऱ्याच्या सदऱ्याचं एक चुकलेलं बटण वर्षभर लक्षात ठेवणारी ही बाई आपल्याच डोळ्यांवर शंका घेऊन बसली होती, आणि ते सुनेच्या एका ओळीपायी. तिला राग आला, नवऱ्याचा, स्वतःचा, आणि बरोबर ठरलेल्या त्या कुलूपवाल्याचाही.

“होतं ते तिथे,” ती म्हणाली. “‘तुमची माहिती फक्त तुम्हीच उघडू शकता.’ मी लिहिलं होतं. चुकीचं होतं, म्हणून नंतर बदललं. आईंना अगदी बरोबर आठवतंय.”

नवऱ्याने ताट सरकवलं. “तू कशाला मध्ये पडतेस?”

“चाव्या उचला, आई.”

सासूने चाव्या उचलल्या नाहीत. ती सुनेकडे बघत राहिली.

“बदललंस कधी?”

“झाले काही दिवस.”

“याचं बोट माझ्या फोनमध्ये आहे, हे तुला माहीत होतं.”

“होतं.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“नाही.”

नवरा काही बोलू लागला, पण दोघींपैकी कोणीच त्याच्याकडे वळलं नाही. सासूने जुडगा खिशात टाकला आणि फोन सुनेच्या पुढ्यात सरकवला.

“याचं बोट काढ त्यातून. आधी हात धू, खरकटे आहेत.”

सून हात धुऊन आली. सासूने तळहाताच्या आडोशाने फोन उघडायचा आकडा दाबला, सुनेने नवऱ्याचं बोट पुसून टाकलं आणि फोन परत दिला. सासूने अंगठा टेकवला. फोनने नाकारला. कपड्याला पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा नाकारला. मुलगा हाताची घडी घालून बघत होता. सासूने बोट बदललं, ज्याला सुई कधी लागत नाही ती करंगळी ठेवली, आणि सुनेने तिचीच नोंद नव्याने करून घेतली. अ‍ॅप उघडलं.

सासूने रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मुलाने गिळलेली ओळ मोठ्याने वाचली आणि उठली. दाराशी थांबून ती सुनेला म्हणाली, “यापुढे तुझं लिहिलेलं मला वाचायला देऊ नकोस. मी विश्वास ठेवते त्यावर.”

मग ती दुकानाचं कुलूप नीट लागलंय का ते बघायला खाली गेली.