दोन माणसांचा बाजार

इरावतीबाई बदली होऊन कोल्हापुरात आल्या त्याला चार दिवस झाले होते, आणि चारही दिवस त्यांनी केळी, बिस्किटं आणि बँकेतल्या चहावर काढले होते. नागपूरची बाई, वय चोपन्न, बँकेत मोठी अधिकारी, आणि घरात चमचाभर साखर नाही! शोभतं का हे? पण आठ महिन्यांपूर्वी नवरा गेला, अभिराम, आणि तेव्हापासून एकटीसाठी चूल पेटवायची म्हटलं की त्यांचा जीव नकोसा व्हायचा. पाचव्या दिवशी रविवारी पित्तानं डोकं उठलं. पित्तापुढे कुणाचंच शहाणपण चालत नाही. पिशवी घेऊन त्या शिवाजी पेठेतल्या खोलीचा जिना उतरल्या.

कोपऱ्यावर हंबीररावांचं किराणा दुकान होतं. इरावतीबाईंकडे यादी नव्हती. यादी नेहमी अभिराम करायचा.

"नवीन दिसताय, ताई," हंबीरराव म्हणाले. "यादी ऱ्हाऊ द्या. माणसं किती हाईत घरात?"

"दोन."

तोंडातून निघून गेलं. सत्तावीस वर्षांची सवय ती. लगेच सुधारता आलं असतं, पण हंबीररावांनी तांदळाच्या पोत्यात माप घातलंसुद्धा, आणि दुकानातल्या चार बायकांसमोर "दोन नाही, एकच" म्हणायला जीभ रेटेना. बँकेत भल्याभल्यांना खडसावणाऱ्या बाईनं एवढ्याशा आकड्यापुढे हात टेकले.

हंबीररावांची रीतच तशी होती. डोकी विचारायची आणि महिन्याचा बाजार आपल्या अंदाजानं बांधायचा.

"मालक च्या घेत्यात का?"

"घेतात की. चार वेळा लागतो त्यांना."

चहापुडीचा पुडा मोठा झाला.

"आणि तिखट?"

"नाही हो, त्यांना सोसत नाही."

खोटं कधी एकटं राहत नाही, त्याला गणगोत लागतं. पण खरं सांगायचं तर इरावतीबाईंना बरं वाटत होतं. आठ महिन्यांत कुणी अभिरामबद्दल असं, तो घरी वाट बघत असल्यासारखं, विचारलं नव्हतं. त्यांनी शेंगदाणेही घेतले. ते अभिरामला आवडायचे, त्यांना नव्हे.

झाडू झाला, काडेपेटी झाली. शेवटी मिठाचा पुडा राहिला. त्यांनी हात पुढे केला, तर हंबीररावांनी तो समोरच्या फळीवर ठेवला.

"मीठ हातात देऊ न्हाई, ताई. घरात भांडणं लागत्यात."

"द्या हो हातात," त्या हसून म्हणाल्या. "आता भांडायला घरात आहे कोण?"

बोलून गेल्या आणि चूक कळली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हंबीररावांनी वर बघितलं.

"मालक?"

"गेले. आठ महिने झाले."

"मग दोन म्हणलासा?"

"एक म्हणवेना."

हंबीररावांनी बांधलेली एकेक पिशवी सोडली. निम्मे तांदूळ पोत्यात गेले, निम्मी डाळ गेली, चहाचा पुडा जाऊन लहान आला. इरावतीबाई बघत राहिल्या. अभिराम पुन्हा एकदा चालला होता, आणि या वेळी भर दुकानात. शेंगदाण्यांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

"झाडू काय निम्मा हुत न्हाई," हंबीरराव पुटपुटले.

मग त्यांनी फळीवरचं मीठ उचललं आणि सरळ इरावतीबाईंच्या हातात दिलं.

"घ्या. भांडाय माणूस न्हाई म्हणताय न्हवं? हितं या. तांदळात खडं निघालं म्हणून भांडा, डाळ शिजंना म्हणून भांडा. मी रोज हाय की."

इरावतीबाईंनी मान हलवली, पैसे दिले. पिशवी फार हलकी झाली होती. मीठ त्यांनी पिशवीत टाकलं नाही, हातातच धरून जिना चढल्या.

दुपारी त्यांनी वरणभात केला. पहिलाच घास अळणी लागला. या घासाला अभिराम म्हणायचा, "मीठ कमी आहे." त्या मान वर न करता म्हणायच्या, "हात आहेत ना? घे उठून." मग ताट धुवेपर्यंत दोघांची जुंपायची.

"मीठ कमी आहे," इरावतीबाई मोठ्यानं म्हणाल्या.

मग उठल्या आणि मीठ घेऊन आल्या.